खळ्यावरचे शब्द व आमचे कोश

गेल्या ज्येष्ठांत वेळापुरांतील एका शेतकरी घरचा मुलगा आपल्या पणजोबांच्या वेळचा एक कागद घेऊन आमच्याकडे आला. मुलगा महाविद्यालयांत इतिहास शिकतो. मोडी अक्षर त्याला वाचतां येतें, आणि कागदाची बाळबोध नक्कलहि त्यानें स्वच्छ केली होती. दोघां सख्ख्या भावांची ती वांटणी होती. विहीर दोघांची समाईक, मोटेच्या पाळ्या सारख्या, थारोळें समाईक, आणि धांव थोरल्याच्या वांट्याची. मात्र धाकट्यानें आपल्या पाळीस ती वापरावी, थोरल्यानें हरकत घेऊं नये, असा मजकूर होता. मुलानें जवळचा लहानसा शालेय कोश पाहिला. त्यांत धांव म्हणजे पळणें, आणि धांव म्हणजे गाडीच्या चाकावर चढवावयाची लोखंडी पट्टी, असे दोन अर्थ त्याला मिळाले. पहिला लागू पडेना, म्हणून त्यानें दुसरा घेतला, आणि थोरल्या भावाच्या पदरांत एक लोखंडी पट्टी टाकून तो मोकळा झाला. आम्हीं आयुष्यभर शाळेंत संस्कृत व मराठी शिकविलें. तरी तो अर्थ ऐकून आम्हांसहि क्षणभर तो ठीक वाटला, हें आरंभींच कबूल केलेलें बरें.

कागद केवळ कुतूहलाचा नव्हता. त्या घरांत सध्यां पुन्हां वांटणी चालली आहे, आणि विहिरीलगतचा एक अरुंद पट्टा कोणत्या शाखेचा याविषयीं चुलत भावांत बोलणें बंद होण्यापर्यंत पाळी आली आहे. आम्ही मुलास घेऊन गांवांतील एका वृद्ध गृहस्थांकडे गेलों. सारा गांव त्यांस आबा म्हणतो. वय पंच्याऐंशीच्या पुढें, आणि लहानपणीं त्यांनीं स्वतः मोट हांकलेली. त्यांनीं कागद ऐकून घेतला, काठी उचलली आणि आम्हांस विहिरीवर नेलें. विहिरीच्या कांठापासून शेताकडे उतरत गेलेली, आतां बाभळींनीं भरलेली एक लांबट जागा त्यांनीं काठीनें दाखविली. “गुरुजी, ही धाव. बैल हितनं खाली जायाचं आन् पाठमोरं वर यायाचं. चाकाची धाव निराळी. हिरीच्या कागदात चाकाचं काय काम?” एवढें बोलून ते थांबले. कोशांतील लोखंडाची पट्टी आमच्या डोळ्यांदेखत जमिनीची पट्टी झाली; आणि वाद ज्या पट्ट्याचा होता तो हाच.

शब्द कागदावर स्पष्ट, कोश हाताशीं, वाचणारा सुशिक्षित; असें असून अर्थ चुकावा, हा दोष कोणाचा? या प्रश्नाच्या निमित्तानें आमच्या मराठी कोशांचें, रोजच्या व्यवहारांतील शब्दांपुरतें, थोडें परीक्षण करावें असें आम्हीं योजिलें आहे. आमचा अभिप्राय थोडक्यांत असा कीं, अशा शब्दाचा अर्थ तो ज्या कामांत वापरला जातो त्या कामांत असतो, आणि तें काम कोणाच्या हातचें होतें हें सांगितल्यावांचून तो पुरा होत नाहीं. आमच्या कोशांनीं शब्द राखले. काम आणि हात राखले नाहींत.

ज्यांनीं मोट पाहिली नाहीं अशा वाचकांसाठीं ती येथें उभी करणें अवश्य आहे. मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी. तिचें वरचें तोंड लोखंडी कड्यास बांधलेलें. खालचा भाग निमुळता होत जाऊन नळीसारखा झालेला, ती सोंड. कड्यास जाड दोर असतो, त्यास नाडा म्हणतात. तो विहिरीवरील उंच चाकावरून जातो. सोंडेच्या टोकास बारीक दोर असतो, त्यास सोल म्हणतात. तो थारोळ्याच्या कांठाशीं बसविलेल्या आडव्या लाटेवरून जातो. दोन्ही दोर शेवटीं बैलांच्या जुवाकडे येतात. बैल धांवेवरून उतरूं लागले म्हणजे भरलेली मोट वर येते. बारीक दोरानें सोंड वर दुमडून धरलेली असते, म्हणून वाटेंत पाणी सांडत नाहीं. मोट चाकापाशीं पोंचली कीं तोच दोर सोंडेस थारोळ्याकडे ओढून घेतो, सोंड आडवी होते, आणि कोणीं हात न लावतां पाणी थारोळ्यांत पडतें. उतरतांना हांकणारा नाड्यावर बसे, म्हणजे त्याच्या वजनाची बैलांस मदत होई. मग बैल मागें सरत वर येत आणि रिकामी मोट पुन्हां विहिरींत जाई. थारोळ्यांतून पाट, पाटांतून वाफे. वाफ्याचें तोंड फोडून पाणी घ्यावयाचें, वाफा भरला कीं मातीनें तें बुजवून पुढचें फोडावयाचें, या कामास दारें धरणें म्हणतात. यांतील कोणताहि शब्द एकटा समजत नाहीं. दोन दोरांची लांबी आणि धांवेचा उतार यांचा मेळ कळला म्हणजे सारे एकदम कळतात.

आतां हाताची गोष्ट. चाक व लाट सुताराचीं, कडें लोहाराचें, नाडा व सोल वळणें हें मांगाचें काम, मोट शिवणें व फाटली तर सांधणें हें चांभाराचें. तें चामडें ज्या मेलेल्या जनावराचें, तें गांवाबाहेर ओढून नेण्याचें काम महारावर लादलेलें, आणि कातडें कमावणारा ढोर. म्हणजे कुणब्याची विहीर चाले ती पांच-सहा घरांच्या श्रमावर, आणि त्या घरांपैकीं कित्येकांना त्याच विहिरीस शिवण्याची मोकळीक नसे. ज्याच्या हातच्या कातड्यांतून पाणी वर आलें त्याला तें पाणी वरून ओंजळींत घालीत. मोट या एका शब्दांत हें सर्व आहे. 'पाणी काढण्याचें चामड्याचें साधन' या व्याख्येंत त्यांपैकीं कांहींच नाहीं.

या दृष्टीनें आमच्या कोशांकडे पाहूं. मोलस्वर्थाचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला, आणि त्याची सुमारें साठ हजार शब्दांची दुसरी आवृत्ति १८५७ सालीं प्रसिद्ध झाली. या परकीय लष्करी अधिकाऱ्याचे उपकार मानावे तितके थोडेच. एखादा शब्द ग्रंथांत आढळत नाहीं, केवळ कुणब्याच्या किंवा कारागिराच्या तोंडीं आहे, म्हणून त्यानें तो टाकला नाहीं. आमच्यांतील पुष्कळ पंडितांनीं तो खचित टाकला असता. त्यानंतर यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे यांनीं १९३२ ते १९३८ या काळांत महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग काढले, व १९५० सालीं पुरवणी दिली. विहिरीची धांव मोठ्या कोशांत सांपडते. तेव्हां शब्द गाळल्याचा आरोप या थोर पुरुषांवर करतां येणार नाहीं, आणि आम्ही तो करीतहि नाहीं.

आमचा आक्षेप मांडणीवर आहे. अक्षरानुक्रमानें मोट एका विभागांत जाते, नाडा दुसऱ्यांत, धांव तिसऱ्यांत. नाडा पाहावा तर 'मोटेचा जाड दोर' एवढें कळतें. सोल पाहावा तर 'मोटेचा बारीक दोर'. मोट पाहावी तर पाणी काढण्याची पिशवी. वाचक एका शब्दाकडून दुसऱ्याकडे धाडला जातो आणि विहीर त्याला कोठेंच दिसत नाहीं. ज्यानें मोट पाहिली आहे त्याला कोशाची गरज नाहीं. ज्यानें पाहिली नाहीं त्याला कोशाचा उपयोग नाहीं. मोट सर्वांच्या डोळ्यांपुढें होती तोंपर्यंत हा दोष कोणास जाणवला नाहीं. आज तो जाणवूं लागला आहे.

कोश अक्षरानुक्रमानेंच असावा असा कांहीं अनादि नियम नाहीं. अमरकोश वर्गांनीं रचलेला आहे हें संस्कृत शिकलेला प्रत्येक जण जाणतो. त्याच्या वैश्यवर्गांत नांगर, फाळ, खळें हीं एकमेकांच्या शेजारीं येतात. शूद्रवर्गांत कारागीर आणि त्यांचीं हत्यारें, चामड्याचा भाता सुद्धां, एकत्र येतात. अमरसिंहानें वस्तूंस वर्णांच्या उतरंडींत बसविलें, हें आज कोणासहि रुचणार नाहीं. परंतु हत्याराच्या शेजारीं त्याचा हात ठेवण्याची दृष्टि त्याच्यापाशीं होती. शिवछत्रपतींच्या काळीं सिद्ध झालेला राजव्यवहारकोशहि दहा वर्गांचा आहे. राज्यकारभारांतील फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द देतांना त्यानें दुर्गाचे शब्द दुर्गवर्गांत व लेखनाचे लेखनवर्गांत ठेविले. म्हणजे ज्या पद्धतीची आम्ही अपेक्षा करतों ती आमच्याच घरची आहे.

याच अमरकोशाच्या वैश्यवर्गांत मेधि असा एक शब्द आहे. खळ्याच्या मध्यभागीं जनावरें बांधण्यासाठीं रोंवलेला जो खांब, तो मेधि. आम्हीं कित्येक वर्षें मुलांकडून हा शब्द पाठ करून घेतला. आमच्या भागांत त्याच खांबास तिवडा म्हणतात. त्याच्याभोंवतीं बैलांची पात फिरते, वावडीवर उभें राहून माणूस धान्य वाऱ्यावर उधळतो, आणि शेवटीं रास पडते. परंतु एखाद्या मुलानें निबंधांत तिवडा लिहिला तर आम्हीं खालीं रेघ मारून समासांत 'ग्राम्य' असें लिहिलें. दोन्ही शब्द एकाच खांबाचे. एकास गुण दिले आणि दुसऱ्याचे कापले.

आतां व्युत्पत्तीकडे वळूं. कारण आमच्यासारख्या संस्कृताच्या अभिमान्याचा पहिला ओढा तिकडेच असतो. इतिहासाचार्य राजवाड्यांचा धातुकोश १९३७ सालीं व नामादि शब्दांचा व्युत्पत्तिकोश १९४२ सालीं, दोन्ही त्यांच्या पश्चात्, धुळ्याच्या मंडळानें प्रसिद्ध केले. कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्तिकोश १९४६ सालीं आला. या ग्रंथांनीं मराठीस वंशावळ दिली. परंतु वंशावळीवरून माणसाचा धंदा कळत नाहीं. धांव हा शब्द धाव् धातूपासून आला, यांत संशय नाहीं. पण विहिरीच्या धांवेवर बैल कधीं धांवत नसत. भरल्या मोटेचें ओझें घेऊन ते पावलापावलानें उतरत व मागें सरत चढत. गाडीची धांव ही शेणकुटांच्या जाळांत तापवून लांकडी चाकावर चढवावयाची व पाणी ओतून आवळावयाची. तिच्यांत लोहाराचें कौशल्य आहे, धांवणें नाहीं. आणि याच गांवांत तिसरा शब्द आहे. आषाढी वारींत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी माळशिरसाहून वेळापुरास येते, तेव्हां गांवाच्या अलीकडच्या उतारावर हजारों वारकरी धांवत सुटतात; तेथून तुकोबारायांस पंढरीचा कळस दिसला व ते धांवूं लागले, अशी समजूत आहे. त्यास धांवा म्हणतात. संकटांत देवास मारलेल्या हांकेसहि आपण धांवाच म्हणतों. धातु सर्वांस एक; पण विहिरीच्या वांटणींत त्या धातूनें आमच्या विद्यार्थ्यास रेसभर मदत केली नाहीं.

व्युत्पत्ति निरुपयोगी आहे असें मात्र कोणीं समजूं नये. ती कामाच्या शेजारीं येऊन बसली तर बोलते. याचें एक उदाहरण देतों. त्यांत आमचीच चूक आहे. फार वर्षांपूर्वीं एका मुलीनें निबंधांत लिहिलें कीं, काल घरीं भाकरी होती पण कोरड्यास नव्हतें. आम्हीं त्या शब्दाभोंवतीं तांबडें वर्तुळ काढलें, आणि 'कोरडें काय? अर्थ स्पष्ट करा' असा शेरा मारला. तिनें उभें राहून सांगितलें, “गुरुजी, भाकरी कोरडी असती. तिच्यासंगं ओलं लागतं, ते कोरड्यास.” वर्ग हंसला, आम्हीहि हंसलों. पुढें विचार करतां ध्यानांत आलें कीं, मुलगी म्हणते तेंच खरें असावें. कोरड्यास म्हणजे कोरड्याला. स हा चतुर्थीचा जुना प्रत्यय. कोरड्या भाकरीस जें हवें तें कोरड्यास. विभक्तीचें रूप चुलीपाशीं बसून बसून नाम झालें. वरण, आमटी, कालवण यांतील कोणताहि शब्द तेथें घातला असता तरी हें मावलें नसतें. कारण त्या शब्दांत भाकरी नाहीं, आणि कोरड्यास या शब्दांत भाकरी आधीं आहे. आमच्या मतें ही व्युत्पत्ति बरोबर आहे. आणि ती आम्हांस पाणिनीनें दिली नाहीं, चौथीच्या मुलीनें दिली. त्याहून मोठी गोष्ट आमच्या लक्षांत तेव्हां आलीच नाहीं. मुलगी सांगत होती कीं काल घरीं नुसती भाकरी खाल्ली. आम्हीं शब्द तपासला.

इतिहासाच्या अभ्यासकास हे शब्द किती उपयोगीं आहेत, हें आणखी दोन उदाहरणांवरून दिसेल. खळ्यावर धान्य मापतांना पहिल्या मापास 'एक' असें न म्हणतां 'लाभ' म्हणत. मग दोन, तीन. लाभ म्हणजे प्राप्ति, हा अर्थ येथें अपुरा आहे. येथें तो आंकडा आहे. चिपटें, मापटें, शेर, अधोली, पायली, आणि वीस मणांची खंडी, हीं मापें १९५६ च्या कायद्यानें आलेल्या दशमान पद्धतीपुढें मागें पडलीं, आणि त्यांबरोबर हा मोजणीचा स्वरहि ऐकूं येईनासा झाला. दुसरें उदाहरण ज्वारीचें. हा सोलापूर जिल्हा रब्बी ज्वारीचा. मालदांडीच्या निवडीचें कामहि याच जिल्ह्यांतील मोहोळास झालें. कणीस बाहेर पडण्यापूर्वीं ताटाच्या वरच्या पानांत फुगून असतें, तेव्हां पीक पोटरींत आलें म्हणतात. मग तें निसवतें, फुलोऱ्यांत येतें, दाण्यांत चीक भरतो, मग हुरडा. पोटरी म्हणजे पायाची पोटरी एवढेंच ज्यास ठाऊक, त्यास एखाद्या जुन्या पत्रांतील 'पीक पोटरींत असतां स्वारी आली' अशा धर्तीचें वाक्य मुकें राहील. ज्यास शिवार ठाऊक आहे तो त्याच वाक्यावरून, पेरा वेळेवर झाला असल्यास, मार्गशीर्षाच्या आसपासचा सुमार सांगेल. तिथि नसलेल्या पत्रास पिकानें दिलेली ती तिथिच होय.

त्रिंबक नारायण आत्रे यांचा गांवगाडा १९१५ सालीं प्रसिद्ध झाला. तो कोश नव्हे. तरीहि आमच्या मतें रोजच्या शब्दांचा अर्थ त्याच्याइतका नीट दुसऱ्या कोठें सांपडत नाहीं, कारण तेथें शब्द आपल्या कामाच्या जागीं भेटतो. परंतु त्याचेंहि परीक्षण केलें पाहिजे. तो मुख्यतः कुणब्याच्या बाजूनें पाहिलेला गांव आहे. देणाऱ्याचें गाऱ्हाणें त्यांत मोठ्यानें ऐकूं येतें, घेणाऱ्याचें हळू. बलुतेदारांच्या तीन ओळी, त्यांस कास असेंहि म्हणत: थोरली कास, मधली कास, धाकटी कास. कास म्हणजे दुभत्या जनावराची ओटी. या शब्दानें कुणब्यास गाय कल्पिलें, आणि सुतार, लोहार, चांभार, महार, मांग यांस तिच्या आंचळांस लागलेलीं वासरें. रूपक गोड आहे. पण तें कोणाच्या तोंडचें? ज्यानें वर्षभर मोट शिवली, नाडा वळला, रात्रीं गांवाची राखण केली आणि सुगीस खळ्यावर हात पसरून उभा राहिला, तो स्वतःस दूध पिणारें वासरूं म्हणवील काय?

आम्हीं बलुतें हा शब्द अनेक वेळां शिकविला. 'गांवकामगारांस मिळणारा धान्याचा वांटा' असा अर्थ फळ्यावर लिहिला, आणि मुलांनीं तो उतरून घेतला. पुढें १९७८ सालीं दया पवार यांचें आत्मकथन प्रसिद्ध झालें, आणि त्याचें नांवच बलुतं असें होतें. तें वाचल्यावर आमच्या फळ्यावरच्या अर्थास अर्धाच अर्थ म्हणावें लागलें. कारण तो देणाऱ्यानें सांगितलेला होता. डॉक्टर आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबई कायदेमंडळांत महार वतनासंबंधीं विधेयक आणलें, तें याच वांट्याच्या आड दडलेल्या वेठीविरुद्ध. आणि १९५८ च्या कायद्यानें तीं वतनें बंद झालीं. एका शब्दावरून एवढा लढा झाला असतां आमच्या शालेय कोशांत तो अद्यापि 'धान्याचा वांटा' म्हणून निवांत पडलेला असावा, हें कोशकारास आणि शिक्षकास, दोघांसहि शोभणारें नाहीं.

यावरून वाचकांच्या ध्यानांत येईल कीं, जुनें खेडें गेलें म्हणून रडत बसण्यासाठीं आम्हीं हा लेख लिहिलेला नाहीं. पहांटे उठून बैलांमागें शेंकडों खेपा घालणें यांत काव्य होतें तें ऐकणाऱ्यास. हांकणाऱ्याच्या पायांस ठाऊक कीं तें काय होतें. माळशिरस तालुक्यांत नीरा उजव्या कालव्याचें पाणी आलें. सासवडच्या माळी मंडळींनीं १९३२ सालीं माळीनगरास साखरेच्या कारखान्याचा उद्योग आरंभिला. विहिरीवर आधीं तेलाचीं इंजिनें आणि मग विजेचे पंप बसले. आमच्या बालपणीं मोट शेवटच्या घटका मोजीत होती. पुढें ती कातड्याच्या भावानें विकली गेली. तें जाणें योग्यच होतें. पण शब्दांचें जाणें निराळ्या रीतीनें होतें. पाळी हा मोटेचा शब्द कालव्यावर गेला, आणि आजहि कालव्याची पाळी केव्हां येणार याचीच चौकशी चावडीवर चालते. वीज रात्रीं आली म्हणजे शेतकरी रात्रीं दारें धरावयास जातो. थारोळें नाहीं, मोट नाहीं, पण दारें आहेत. ठिबकानें तींहि जातील, तेव्हां हा शब्द कोठें जातो तें टिपून ठेवणारा कोणी तरी पाहिजे.

तें कसें करावें याचा एक नमुना फार दूरचा आहे. अमेरिकेंतील अलास्का प्रांतांत कोडियाक नांवाचें बेट आहे. तेथील मूळ रहिवासी अलूटिक लोक. समुद्रांतील मासे, सील आणि कातड्याच्या होड्या यांवर त्यांचें जुनें जीवन चाले. त्यांची भाषा बोलणारीं माणसें फार थोडीं उरलीं. १९९५ सालीं उघडलेल्या त्यांच्या संग्रहालयानें असा क्रम ठेविला कीं, आठवड्यास एक शब्द घ्यावा, त्याचें एक साधें वाक्य द्यावें, आणि त्या वस्तूचें काम चार ओळींत सांगावें: ती कशाची करीत, कोण करी, केव्हां वापरीत. मराठी ही कोट्यवधींची भाषा. तिची तुलना त्या भाषेशीं होणार नाहीं. परंतु मोटेपुरती, खळ्यापुरती, जात्यापुरती मराठी बोलणारीं माणसेंहि आतां पंच्याऐंशीच्या पुढें गेलीं आहेत. त्या अर्थीं आपणहि एका लहान बेटावरच आहों.

तेव्हां आमची सूचना अशी. या त्रैमासिकाच्या प्रत्येक अंकांत दोन पृष्ठें एका वर्गास द्यावीं: विहीर, खळें, चूल, जातें, गाडी, मापें. अक्षरानुक्रम शेवटीं सूचींत घालावा. आंत शब्द कामाच्या क्रमानें यावेत. प्रत्येक शब्दास वस्तूची साधी आकृति असावी. ती कोण करी आणि कोण वापरी हें लिहावें. करणाऱ्यास काय मिळे व त्यास काय सोसावें लागे हेंहि लिहावें. शब्द कोणत्या गांवीं ऐकला तें सांगावें, कारण धारेपलीकडे तोच दोर दुसऱ्या नांवानें ओळखला जातो. आणि आतां त्या जागीं काय आहे, शब्द मेला कीं दुसरीकडे राहावयास गेला, हें नोंदवावें. व्युत्पत्ति सर्वांत शेवटीं द्यावी, आणि खात्री नसेल तर देऊं नये. हें काम पंडितांनीं घरीं बसून होणारें नव्हे. ज्यांच्या घरीं मोट शिवली जाई आणि नाडा वळला जाई, त्या घरच्या माणसांनीं तें लिहावें. आम्हीं फार तर शुद्धलेखन पाहावें, तेंहि तांबड्या शाईनें नव्हे.

राहतां राहिली ती वांटणी. आबांनीं दाखविलेली जागा मुलानें पावलांनीं मोजली आणि कागदाच्या नक्कलेच्या समासांत धांव या शब्दासमोर आकृति काढून लिहून ठेविली. दोन्ही शाखांच्या माणसांस त्यानें ती वाचून दाखविली. धांव थोरल्याची, वापर दोघांचा, असा कागदाचा अर्थ दोघांनींहि मान्य केला. पुढें काय करावें हें त्यांचें त्यांनीं ठरवावयाचें आहे, आणि अद्यापि तें ठरलेलें नाहीं. पण ते आतां एकमेकांशीं बोलतात. मुलानें परवां आम्हांस विचारलें कीं, कागदांत थारोळें समाईक म्हटलें आहे, तर तें नक्की किती मोठें असे? आम्हांस सांगतां आलें नाहीं. उद्यां सकाळीं आबांकडे जावयाचें ठरलें आहे.